पॅरिसमध्ये ऐकलेला गांधार

पॅरिस
१२ ऑक्टोबर

ती. बाबांना,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडे शिकवतात त्या संगीतात सूर कुठे असतो गं?" तेवढ्यात आईने जेवणाचं विचारलं आणि उत्तर राहून गेलं. ते फोनवर नीट सांगताही आलं नसतं, म्हणून आज लिहायला बसले.

सुरुवातीला मलाही हाच प्रश्न पडला होता. पहिल्या सहामाहीत आम्हाला शोनबर्ग होता. व्हिएन्नाच्या या संगीतकाराने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला एक पद्धत बसवली. सप्तकातल्या बाराही स्वरांची एक ओळ लावायची आणि ती पुरी होईपर्यंत कुठलाही स्वर पुन्हा घ्यायचा नाही. मग तीच ओळ शेवटाकडून सुरुवातीकडे, किंवा चढ तिथे उतार करून. वादी नाही, संवादी नाही, षड्जसुद्धा नाही. कागदावर बांधणी बघताना थक्क व्हायला होतं. पण खोलीवर आल्यावर मी तंबोऱ्याचं ॲप सुरू करून अर्धा अर्धा तास नुसता सा लावत बसायचे. ते बारा स्वर मला पोरके वाटायचे. अजूनही हे संगीत मला डोक्यानेच कळतं, खरं सांगते.

टाळ्यांची एक रचना मात्र ताईला आणि छोटूला करून बघायला सांगा. अमेरिकेतल्या स्टीव्ह राइशने ती १९७२ साली केली. वाद्य नाही, नुसती दोन माणसं. बारा मात्रांचा एकच बोल: तीन टाळ्या आणि एक मात्रा रिकामी, दोन टाळ्या आणि एक रिकामी, एक टाळी आणि एक रिकामी, दोन टाळ्या आणि एक रिकामी. एकाने शेवटपर्यंत हेच धरून ठेवायचं. दुसऱ्याने काही आवर्तनं बरोबरीने वाजवायची आणि मग एक मात्रा पुढे सरकायचं. पुन्हा काही आवर्तनं, पुन्हा एक मात्रा. मध्यावर असे बोल ऐकू यायला लागतात जे दोघांपैकी कुणीच वाजवत नसतं! बारा वेळा सरकलं की दोघं पुन्हा एकत्र. वर्गात आम्ही तिथे पोचलो तेव्हा मी सवयीने मान हलवून सम दाखवली. शेजारच्या मुलीने विचारलं, हे काय केलंस? तिला आपला बारा मात्रांचा एकताल समजावून सांगण्यात मधली सुट्टी संपली.

आणि बाबा, किराणा घराणं इथल्या पुस्तकांतही आहे. अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले. त्यांच्यासमोर टेरी रायली आणि ला माँट यंग शिष्य म्हणून बसले. हे दोघं नव्या अमेरिकन संगीतातले केवढे मोठे लोक! रायलीची १९६४ ची एक रचना आहे, ५३ छोटे छोटे तुकडे, आणि प्रत्येक वादकाने आपल्या गतीने पुढे जायचं. एवढं नाव झाल्यावरही तो माणूस तंबोरा घेऊन गुरूच्या मागे बसायचा आणि १९९६ ला प्राणनाथजी जाईपर्यंत शिकत राहिला. वहीद खाँसाहेब म्हणजे आपल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नात्यातले. ते वाचलं तेव्हा मला मिरजेचा दर्गा आठवला आणि उरुसात तुमच्या मांडीवर झोपून ऐकलेली गाणी.

पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

गेल्या आठवड्यात जेरार ग्रिझे या फ्रेंच संगीतकाराची १९७५ ची एक रचना प्रत्यक्ष ऐकली. अठरा वादक. विशारदच्या पुस्तकात 'सहायक नाद' असा धडा होता, आठवतं? एका स्वराच्या पोटात वरचे कितीतरी स्वर असतात तो. ग्रिझे यांनी ट्रॉम्बोनच्या खालच्या एका स्वराचं यंत्रावर पृथक्करण केलं, त्यातले सहायक नाद सुटे केले आणि एकेका वाद्याला एकेक वाटून दिला. आधी डबल बास आणि ट्रॉम्बोन, अगदी खर्जात. मग एकेक वाद्य वर चढत येतं. अंधारात बसले होते आणि अचानक कानात गांधार उभा राहिला. पाचवा नाद म्हणजे गांधारच ना! आपला स्वयंभू गांधार, तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो, पॅरिसमध्ये, अठरा माणसांकडून.

मी आठ वर्षांची असताना सतारमेकर गल्लीत आपण तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार खुलवून घ्यायला, गेलो होतो. तिथल्या कारागीर चाचांनी तारा टेकतात त्या घोडीवर कानस दोनदा फिरवली, फुंकर मारली, तारेखालचा दोरा केसभर सरकवला आणि कान भोपळ्याला लावला. "अजून बंद आहे." पुन्हा कानस. पुन्हा दोरा. मग एकदम ती तार बोलायला लागली. तुम्ही विचारलंत, "गांधार आला का ऐकू?" मी "हो" म्हणाले. बाबा, तेव्हा मला काही ऐकू आलं नव्हतं. तुमचा चेहरा इतका उजळला होता की नाही म्हणवेना.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोऱ्याच्या या नादांवर लिहिलंय. तार जिथे छेडतो तिथे ज्या नादाचा निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, येते, तो नाद नियमाने ऐकू यायला नको. आपल्या तंबोऱ्यात तोही येतो. कारण घोडी सपाट नसते, तिला बाक असतो, आणि तार हलताना त्या बाकावर घासत राहते. चाचा कानशीने करत होते ते नेमकं हेच. इथे मी हे सांगितलं तर सरांनी फळ्यावर घोडीची आकृती काढायला लावली आणि आख्खा तास त्यावरच गेला.

तर सूर कुठे असतो, याचं माझं उत्तर हे, की इथली काही माणसं तो तुमच्याइतकाच कान लावून ऐकतात. वर्षाअखेरीला मला एक रचना लिहायची आहे. ती मी आपल्या तंबोऱ्याच्या खर्जावर लिहिणार आहे, आणि दोरा सरकवताना बंद नाद कसा खुलतो, तेच वाद्यांकडून वाजवून घेणार आहे.

त्यासाठी एक काम करा. आधी जवारी बघून घ्या, पावसाळ्यानंतर बिघडली असेल. मग पहाटे, रस्त्यावर गाड्या सुरू व्हायच्या आत, ताईच्या फोनवर रेकॉर्ड करा. फक्त चौथी, खर्जाची तार. एकदा छेडून पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, असं दहा वेळा. मग दोरा काढून पुन्हा दहा वेळा. पंखा बंद ठेवा, आणि आईला म्हणावं तेवढा वेळ कुकर लावू नको.

तुमची,
धाकटी