ओमची टाच

ती. आई-बाबांस,
सा. न.

ओम चवड्यांवर चालतो, हे दादाने कळवलं. नव्याने चालू लागलेली बरीच मुलं तशी चालतात आणि बहुतेकांची टाच तीन वर्षांच्या आत आपोआप टेकते. ओम अडीचचा आहे, पण तो आठव्या महिन्यातच जन्मला. वेळेआधी जन्मलेल्या मुलांत सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने बहुधा स्नायू ताठर होतात त्या विकाराची, शक्यता जास्त असते. म्हणून त्याच्या बाबतीत तिसऱ्या वाढदिवसाची वाट पाहू नका. याच महिन्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

तोवर घरी बघा. ओल्या पायांनी त्याला फरशीवर चालवा. टाचेचा ठसा कधी तरी उमटतो का? एकाच पायाची टाच उचलली जात असेल, तर ते जास्त काळजीचं. आधी टाच टेकणारं मूल नंतर चवड्यांवर आलं, जिना चढताना दमलं, किंवा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकू लागलं, तर स्नायूंच्या आजाराची शंका येते, विशेषतः मुलग्यांत. त्यासाठी डॉक्टर सीपीके ही रक्ततपासणी करतात. हाक मारल्यावर वळतो का, शब्द वाढताहेत का, हेही सांगा, कारण स्वमग्न मुलंही पुष्कळदा अशी चालतात.

उकिडवा बसल्यावर टाच टेकते म्हणून निर्धास्त होऊ नका. गुडघा वाकला की पोटरीचा ताण सुटतो. खरी परीक्षा गुडघा सरळ ठेवूनच होते: पाऊल काटकोनाच्याही पुढे, नडगीकडे, सहज यायला हवं.

आई, तुझी मालिश त्याला आवडते, ती चालू ठेव, पण आखडलेला टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा दोरीसारखा भाग, तेलाने लांबत नाही. डॉक्टरांनी ताण द्यायला सांगितलंच, तर गुडघा सरळ ठेवून टाच तळहातात घट्ट धर आणि त्याच हाताच्या मनगटाजवळच्या भागाने तळपाय हळूहळू वर ने. साधारण 30 सेकंद धरून सोड. नुसता चवडा दाबला तर पाऊल मधेच वाकतं, टाच वरच राहते. बहुतेकांचं इथेच चुकतं. दुखलं तर थांब. आणि बाबा, पावलापावलाला "टाच टेकव" म्हणून त्याला टोकू नका, त्याने चाल सुधारत नाही.

पाय जास्त आखडला असेल, तर काही आठवडे प्लास्टर घालतात आणि ते दर एक-दोन आठवड्यांनी बदलतात. ऑपरेशन फार थोड्यांना लागतं.

दवाखान्यात मुलं हमखास नीट चालून दाखवतात. त्यामुळे तो अनवाणी चालताना बाजूने आणि मागून मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. त्याचं जन्मावेळचं डिस्चार्ज कार्डही बरोबर न्या.

तुमची,
मंजू