राजवाड्यांची शताब्दी आणि धाब्याखालची दप्तरं

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात वारले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. त्यांच्या मृत्यूच्या या शताब्दीला पुतळा, व्यासपीठ, स्मरणिका हे ओघानं येईलच. आमची विनंती अशी की त्यातला मोठा वाटा खानदेशातल्या जुन्या घरांतल्या दप्तरांवर खर्च व्हावा. राजवाड्यांनी जन्मभर तेच केलं: गावोगाव हिंडून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडले, नकला केल्या आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड उभे केले. १९२७ साली धुळ्यात त्यांच्या नावानं संशोधन मंडळ निघालं. शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ रामदासांच्या संप्रदायाची बाडं, म्हणजे हस्तलिखितं, जमवली तीही याच शहरात. तिथं पोचलेल्या कागदाला निदान कपाट मिळालं. घरातल्या फडताळातल्या कागदाचा वाली कोण?

हा कागद हातानं केलेला, खळ देऊन घोटलेला. एरंडोल एके काळी अशा कागदासाठीच प्रसिद्ध होतं. शाई काजळाची, डिंकात खललेली. ती उन्हानं उडत नाही, पण पाणी लागलं की डिंक सुटतो आणि अक्षर पुसतं. कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, येते ती खळीसाठी. ती पानाचा वरचा थर खरवडते, आणि पान उजेडासमोर धरलं की जाळी दिसते.

धाबं, म्हणजे घराचं मातीचं सपाट छप्पर, गळून रुमाल भिजला की लोक तो उन्हात टाकतात. घात तिथंच होतो. पानं वळतात, चिकटतात, आणि सोडवताना एका पानाची अक्षरं दुसऱ्यावर उमटतात. गठ्ठा सावलीत ठेवावा, दहा-बारा पानांमागे टिपकागद घालून तो बदलत राहावा, पंखा भिंतीकडे तोंड करून लावावा. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात जमणार नसेल तर गठ्ठा न सोडता पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवावा, बुरशी थांबते. फाटक्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये, त्याचा चिकटा पिवळा होऊन कागदात झिरपतो. मोरचूद घातलेली बाइंडरची खळही नको, तिनं कागद पुढं ठिसूळ होतो.

स्कॅनिंगचं कंत्राट देऊन काम संपत नाही. ४०० डीपीआयवर ए-फोर आकाराच्या रंगीत पानाची टिफ फाइल साधारण ४६ एमबीची होते, म्हणजे लाख पानांना साडेचार टीबीहून जास्त जागा लागते. प्रती तीन हव्यात, त्यातली एक जिल्ह्याबाहेर. पण यादीच नसेल तर इतकं साठवूनही हवं ते पत्र हाती लागत नाही. पान रुमालातून काढण्याआधीच त्यावर मऊ पेन्सिलनं क्रमांक घालावा, कारण एकदा क्रम मोडला की पत्र आणि त्याचं उत्तर यांची ताटातूट होते.

यादी करणाऱ्याला जुन्या कागदांची मोडी लिपी नीट यायला हवी, आणि सनही. पेशवाईतल्या पत्रांतला शुहूर सन, म्हणजे अरबी आकड्यांत लिहिलेलं वर्ष, मृगाला बदलतो. इसवी सन काढायला मृगानंतरच्या पत्राला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृग या काळातल्या पत्राला ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, तेव्हा सन ११६१, म्हणजे अरबी शब्दांत इहिदे सितैन मया व अलफ. सरसकट ५९९ मिळवणारा हेच पत्र १७६०मध्ये टाकतो. राजवाड्यांचा १८९८चा पहिला खंड पानिपतच्या आगेमागेच्या पत्रांचाच आहे. त्यांच्या शताब्दीत ही चूक होऊ नये असं मनापासून वाटतं.

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी एकेक फिरतं पथक द्यावं: मोडी वाचक, जतन जाणणारा आणि स्कॅन करणारा. मोडी वाचकाला पानामागे पैसे न देता महिन्याचा पगार द्यावा, नाहीतर तो घाईनं वाचतो. मूळ कागद घरातच राहील, हे घरमालकाला सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं. वतन-इनामाचे कागद म्हटले की माणसं दार लावून घेतात, आणि त्यांचं भय खोटं नाही.

पहिलं पथक मृगाच्या आधी निघावं. त्यानंतर धाबी गळायला लागतात.

आपले,
खानदेशातले मोडी वाचक आणि कागदपत्रांच्या जतनाचं काम करणारे