प्रत्युत्तराचा निर्णय माणसाच्याच हाती राहील, हे संसदेत सांगावे

माननीय संरक्षणमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

सविनय नमस्कार.

४ जानेवारी २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने जाहीर केलेल्या धोरणानुसार भारत अण्वस्त्राचा प्रथम वापर करणार नाही, मात्र अण्वस्त्र हल्ला झाल्यास प्रचंड प्रत्युत्तर देईल आणि त्याची परवानगी न्यूक्लियर कमांड ऑथॉरिटी या अण्वस्त्रांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेमार्फत केवळ नागरी राजकीय नेतृत्वच देऊ शकेल. माझी विनंती या शेवटच्या तरतुदीपुरती आहे: हा निर्णय कधीही यंत्रावर सोपवला जाऊ नये.

सोव्हिएत संघाने १९८०च्या दशकात ‘पेरिमीटर’ यंत्रणा उभारली, ती नेतृत्व नष्ट झाले तरी क्षेपणास्त्रे सुटावीत म्हणून. तिथेही, उपलब्ध माहितीनुसार, अखेरचा निर्णय खोल बंकरमधील अधिकाऱ्यांवर सोपवला होता. त्याच देशात २६ सप्टेंबर १९८३ रोजी उपग्रहांनी अमेरिकी क्षेपणास्त्रे येत असल्याचा इशारा दिला, तेव्हा लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी तो खोटा असल्याचे वरिष्ठांना कळवले. पाचच क्षेपणास्त्रांनी कोणी महायुद्ध सुरू करत नाही, हा त्यांचा तर्क होता. ठरावीक निकषांवर चालणाऱ्या यंत्राला असा संशय येत नाही.

माणसेही चुकतात, हे मान्य. ९ मार्च २०२२ रोजी आपले क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. चौकशीत दोष अधिकाऱ्यांचा ठरला आणि तिघांना बडतर्फ करण्यात आले. परंतु ते प्रकरण तिथेच थांबले, कारण पलीकडे कोणीतरी घाई केली नाही. शेजारी देशांत क्षेपणास्त्राला पोहोचायला मोजकी मिनिटे लागतात, म्हणून निर्णय यंत्रावर सोपवावा असे सुचवणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा.

शिवाय आपल्याला ती निकड नाही. अण्वस्त्रे वाहून नेणाऱ्या अरिहंत वर्गातील पाणबुड्या बाळगण्यामागचा हेतूच पहिला घाव सोसूनही प्रत्युत्तराची क्षमता शाबूत राहावी हा आहे. म्हणजे शत्रूला वचक बसतो तो प्रत्युत्तर अटळ असल्यामुळे, ते तत्क्षणी दिल्यामुळे नव्हे. अर्थात पाणबुडीवर क्षेपणास्त्र आणि त्याच्या टोकाला बसवायचे स्फोटक अग्र (वॉरहेड) वेगवेगळे ठेवण्याची जुनी खबरदारी चालत नाही, त्यामुळे आदेशाची साखळी अधिकच काटेकोर हवी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिका आणि चीनच्या राष्ट्राध्यक्षांनी अण्वस्त्र वापराचा निर्णय मानवी नियंत्रणाखालीच राहावा, असे संयुक्तपणे मान्य केले. कृत्रिम बुद्धिमत्तेचा इशारा-यंत्रणेत कितीही वापर झाला, तरी भारताची अण्वस्त्रे मानवी आदेशाविना सुटणार नाहीत, असे निःसंदिग्ध निवेदन आपण येत्या अधिवेशनात करावे आणि पाकिस्तान व चीन यांच्याकडेही तशाच हमीची मागणी करावी.

आपला नम्र,
एक नागरिक