विषय: लोडसेल पेडलचा ब्रेक पाय न ठेवताच चढतोय, आणि 'डेडझोन वाढवा' हे उत्तर मला चालणार नाही

प्रति,
कस्टमर केअर आणि तक्रार अधिकारी,

नमस्कार,

ऑर्डर नंबर मेलच्या सब्जेक्टमध्येच टाकलाय, बिल, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सगळ्या बोलण्याचे स्क्रीनशॉट सोबत जोडलेत, त्यामुळे कृपया परत "सर डिटेल्स शेअर करा" हा ऑटो रिप्लाय पाठवू नका. तो मला पाठ झालाय.

मुद्दा असा आहे की कॉम्प्युटरवर कार रेसिंगचे गेम खेळायला तुमच्याकडून २६,००० रुपयांना घेतलेल्या तीन पेडलच्या सेटमधला ब्रेक, ज्यात लोडसेल म्हणजे जोर मोजणारा सेन्सर आहे, तो आपोआप लागतो. पीसी चालू केला की सॉफ्टवेअरमध्ये ब्रेक शून्यावर दिसतो, अर्ध्या तासात ४-५ टक्क्यांवर जातो आणि तासाभरात ८-९. पाय पेडलवर नाही, चप्पलसुद्धा नाही. यूएसबी काढून परत लावली की शून्य, आणि थोड्या वेळाने परत तेच चढणं सुरू. आता तुम्ही म्हणाल ८-९ टक्क्यांनी काय होतंय, तर असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने या गेममध्ये मोंझाच्या ट्रॅकवर जाऊन बघा. स्टार्ट-फिनिशच्या सरळ रस्त्यावर गाडीला कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं होतं, टॉप स्पीड लागत नाही, आणि ब्रेकचं तापमान सरळ रस्त्यावर खाली यायचं तर ते खाली येतच नाही, मग पहिल्या शिकेनला, म्हणजे लागोपाठच्या उलट-सुलट वळणांना, पोचेपर्यंत ब्रेक आधीच तापलेले. ऑनलाइन रेसमध्ये मागचा माणूस काय समजतो? मी मुद्दाम ब्रेक टॅप करतोय. एकाने रिपोर्ट पण टाकला माझ्यावर.

यावर तुमच्या सपोर्टचं पहिलं उत्तर होतं, "सर ब्रेकचा डेडझोन १० टक्के करा, सॉल्व्ह होईल." म्हणजे सुरुवातीचे १० टक्के सॉफ्टवेअरने मोजायचेच नाहीत. नाही होत सॉल्व्ह. हे उत्तर देणाऱ्याने लोडसेल कशाला घेतात याचा विचार केलेला दिसत नाही.

मी आधी चार वर्षं व्हीलसोबत आलेले साधे पेडल वापरले. त्यात पॉट (पोटेंशिओमीटर) असतो, तो पेडल किती खाली गेलं ते मोजतो, म्हणजे पायाला अंतर लक्षात ठेवावं लागतं. खऱ्या गाडीत असं नसतं, तिथं पेडल थोडं खाली जातं आणि मग घट्ट होतं, पुढचं सगळं काम जोरावर चालतं, आणि पायाला जोर लक्षात राहतो, अंतर राहत नाही. आमच्या कोल्हापुरात मोहितेंच्या ट्रॅकवर कार्ट चालवलेल्या कुणालाही विचारा. लोडसेल हा जोर मोजतो, म्हणून पैसे साठवून अपग्रेड केलं. आणि त्यातसुद्धा खरा फायदा कुठं, तर ब्रेक सोडताना. कोपऱ्यात गाडी वळवत वळवत ब्रेक हळूहळू सोडायचा, ज्याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात, तिथं शेवटचे १० टक्के किती नाजूकपणे सोडता यावर पुढचं टोक वळणार की सरळ जाणार ते ठरतं. डेडझोन १० केला की नेमके तेच १० टक्के गायब. ज्याच्यासाठी मी २६,००० मोजले तेच तुम्ही मला बंद करायला सांगताय. शिवाय आज ९ वर थांबतोय तो उन्हाळ्यात १२ वर गेला तर काय, डेडझोन १५? आणि खालून शून्य सरकलं की सगळी पट्टीच सरकते ना, १०० टक्के पण लवकर लागतो, एबीएस नसलेल्या गाडीत पुढची चाकं लगेच लॉक. त्याला कुठला डेडझोन लावू?

दुसरं उत्तर आलं की "व्हीलबेसच्या मोटरचा इंटरफिअरन्स असेल." म्हणजे स्टिअरिंग ज्यावर बसतं त्या मोटरच्या युनिटमुळे सिग्नल बिघडतोय. ठीक आहे, हे होतं काही सेटअपमध्ये, मान्य. पण इंटरफिअरन्सने रीडिंग थरथरतं, वर-खाली उड्या मारतं. माझं रीडिंग थरथरत नाही, ते एकाच दिशेला सावकाश चढत जातं. तरी तुमचं समाधान व्हावं म्हणून व्हीलबेसची पिन सॉकेटमधून काढली, पीसीऐवजी लॅपटॉप घेतला तोही बॅटरीवर, दुसरी यूएसबी केबल लावली, पेडल दुसऱ्या खोलीत नुसतं फरशीवर ठेवलं. तरी चढतोच. त्याचा व्हिडिओ सोबत आहे, त्यात मागे भिंतीवरचं घड्याळ दिसतंय, बघा म्हणजे वेळ पण कळेल.

तिसरं उत्तर सगळ्यात भारी. "सर तुमचं माउंटिंग फ्लेक्स होतंय, आमची अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलची रिग घ्या." म्हणजे पेडल ज्यावर बसवलंय ते वाकतंय, म्हणून सीट आणि पेडल बसवायची त्यांची फ्रेम घ्या. मी पेडल १८ एमएमच्या प्लायवर बोल्टने बसवलेत आणि प्लायचं मागचं टोक भिंतीला टेकवलंय, जोरात दाबलं तर प्लाय थोडा वाकत असेलही. पण पायच नाही पेडलवर, तर फ्लेक्स कशाने होणार? हा प्रश्न मी लिहून विचारला, त्याला उत्तर नाही आलं, रिगच्या ऑफरचा मेसेज आला. त्यानंतर तो मेसेज येतोच आहे. वास्तविक घ्यायच्या आधी मी चॅटवर सरळ विचारलं होतं की माझ्याकडे रिग नाही, प्लाय आणि ऑफिस चेअर आहे, चाकांना लॉक लावतो, चालेल का, तर तुमच्या माणसाने "एकदम चालेल सर, बरेच कस्टमर असंच वापरतात" असं लिहून दिलंय. तो पण स्क्रीनशॉट आहे.

आता सीलचं प्रकरण, ज्याच्यामुळे हे पत्र लिहायला बसलो, नाहीतर अजून आठवडाभर मी तुमच्या चॅटवर गोडीतच बोलत बसलो असतो. तुमच्याच टेक्निशियनने व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं की ब्रेकच्या मागचं कव्हर उघडून बोर्डचा फोटो पाठवा. मी विचारलं, स्क्रूवर वॉरंटीचं स्टिकर आहे, ते फाटेल, चालेल? तो म्हणाला "नो इश्यू सर, मी नोट करतो." मी स्टिकर कापलं, फोटो पाठवला. दोन दिवसांनी दुसऱ्याच कुणाचा मेल, "सील टॅम्पर्ड आढळल्याने वॉरंटी लागू नाही." म्हणजे तुमच्याच घरातल्या एकाने उघडायला लावायचं आणि दुसऱ्याने त्यावरूनच हात वर करायचे. हे मला अजिबात पटलेलं नाही आणि या एका गोष्टीवर मी मागे हटणार नाही.

बिघाड कुठं असावा याचा अंदाज पण देतो, तुमच्या वर्कशॉपचा वेळ वाचेल. लोडसेलच्या आत स्ट्रेन गेजचा, म्हणजे ताण मोजणाऱ्या बारीक पट्ट्यांचा, ब्रिज असतो आणि पूर्ण दाबलं तरी त्यातून काही मिलिव्होल्टच बाहेर येतात, ते अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड मोठे करतो. गेज नीट चिकटलेले नसतील किंवा बोर्ड सरकत असेल तर शून्य असंच सरकतं. प्रीलोडचा नट घट्ट असेल म्हणून सेलवर कायम दाब येतोय का, हे पण बघून झालं, नट पूर्ण सैल सोडला, सुरुवातीचं रीडिंग कमी आलं पण चढणं तसंच. म्हणजे प्रश्न सेलचा किंवा बोर्डचा, माझ्या प्लायचा नाही.

अजून दोन गोष्टी. तुमच्या पानावर ठळक अक्षरात "१०० किलो ब्रेक फोर्स" लिहिलंय. पेडल भिंतीला लावलं, मधे घरातला वजनकाटा धरला आणि दाबत गेलो, सॉफ्टवेअरमध्ये जास्तीत जास्त फोर्सचं सेटिंग टोकाला नेऊनसुद्धा साधारण ४५ किलोलाच १०० टक्के लागतात. वजनकाटा काही लॅबमधला नाही, दोन-चार किलो इकडे-तिकडे धरा, पण १०० आणि ४५ मध्ये तेवढ्याने फरक पडत नाही. १०० किलो हे सेलचं रेटिंग आहे हे मला कळतं, पेडलच्या लिव्हरमुळे सेलवर पायापेक्षा जास्त जोर पडतो. मग तसं लिहा की. मला वैयक्तिक ४५ पुरतं, ऑफिस चेअरवर बसून त्याच्या वर दाबलं तर मीच मागे जाईन, पण जो माणूस कडक ब्रेक हवा म्हणून घेतोय त्याची फसवणूकच आहे ही. आणि बॉक्समध्ये मऊ, मध्यम आणि कडक असे तीन प्रकारचे इलास्टोमर (ब्रेक किती कडक लागेल ते ठरवणारे रबरी तुकडे) मिळतील असं लिहिलं होतं, मला मध्यमचेच दोन सेट आलेत. मऊ नाही, कडक नाही. अनबॉक्सिंग व्हिडिओत दिसतंय.

थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) आणि क्लचबद्दल माझी काहीही तक्रार नाही, त्यांचे चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर एकदम स्मूथ चालतात, पेडलचं लोखंड पण दणकट आहे. म्हणूनच वाईट वाटतं, एवढी चांगली वस्तू बनवून ब्रेकच्या छोट्या बोर्डावर माती खाल्ली.

मला हवंय ते असं. ब्रेकचा सेल आणि बोर्ड दोन्ही नवीन, लावायच्या आधी तुमच्याकडे किमान दोन तास चालू ठेवून तपासलेले, आणि त्या चाचणीचा व्हिडिओ. राहिलेले मऊ आणि कडक इलास्टोमर. नेण्या-आणण्याचा खर्च तुमचा, कारण बॉक्स जड आहे आणि बिघाड माझा नाही. वॉरंटी लागू आहे असं मेलवर लेखी. यातलं काही जमणार नसेल तर पूर्ण सेट परत घ्या आणि पूर्ण २६,००० खात्यात टाका, स्टोअर क्रेडिट नको, त्यातून तुम्ही मला रिगच विकाल.

ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम तुम्हाला माहीत असतीलच. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात, आणि सदोष किंवा जाहिरातीत लिहिल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. पोच आली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवतो, आणि तरीही काही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात, ते मला इथं कोल्हापुरातच करता येतं, तुमच्या शहरात यायची गरज नाही. तिथपर्यंत जायची हौस नाहीये मला, मला रेस करायची आहे.

पिकअपला माणूस पाठवाल तेव्हा संध्याकाळी सहानंतर पाठवा आणि त्याला आधी फोन करायला सांगा, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही. बॉक्स पॅक करून दाराशी ठेवलेला असेल. थ्रॉटल आणि क्लच मी काढून घेतोय, फक्त ब्रेकचं मॉड्यूल देणार, तेवढं पावतीवर नीट लिहून घ्या. पूर्ण सेट परत घ्यायचा ठरला तर आधी कळवा, तिन्ही एकत्र देतो.

आपला,
एक ग्राहक, कोल्हापूर

सोबत: बिल, अनबॉक्सिंग व्हिडिओ, ब्रेक चढतानाचा घड्याळासह व्हिडिओ, वजनकाट्याचे फोटो, सील उघडायला सांगितल्याचे स्क्रीनशॉट