यंत्राच्या टक्केवारीवर ठपका नको

महोदय,

शिक्षणातील कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा ‘मुले आता यंत्राकडून कॉपी करतात’ येथे सुरू होते आणि तेथेच संपते. मी ३० वर्षे मराठी शिकवले आणि निवृत्तीनंतरही एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रकल्पवह्या तपासायला जाते. तेथील दोन प्रसंगांमुळे हे पत्र लिहावेसे वाटले.

अकरावीच्या एका मुलाने संतसाहित्यावरील प्रकल्पात तुकोबांचा म्हणून एक अभंग दिला होता. शेवटी ‘तुका म्हणे’ होते, यमकही जुळलेले होते. पण त्यातील ‘पर्यावरणाचे संतुलन’ सतराव्या शतकातल्या देहूत कोठून आले, या शंकेने मी गाथेच्या अखेरीची अकारविल्हे सूची दोनदा चाळली. तेथील साडेचार हजारांहून अधिक अभंगांत तो नव्हता. मुलाला विचारले, तेव्हा तो सहज म्हणाला, ‘‘मॅडम, चॅटजीपीटीने दिलाय, म्हणजे असणारच.’’ त्याने काही लपवले नव्हते, फक्त विश्वास ठेवला होता. (व्हॉट्सअॅपवर आलेले ‘संतवचन’ शहानिशा न करता सूत्रसंचालनात ऐकवणारी मोठी माणसेही आपल्याकडे कमी नाहीत.)

दुसरा प्रसंग मला अधिक अस्वस्थ करतो. मराठी माध्यमातून आलेल्या एका मुलीचा इंग्रजी निबंध तिच्या शिक्षकांनी यंत्रलेखन ओळखणाऱ्या एका संकेतस्थळावर टाकला, तेथे मोठी टक्केवारी दिसली आणि तिला शून्य गुण मिळाले. ही साधने मजकुरातील शब्द किती अपेक्षित, किती सरधोपट आहेत याचा अंदाज घेतात. आणि परक्या भाषेत, मोजक्या शब्दसंग्रहावर लिहिणारे मूल नेमके तसेच लिहिते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींचे निम्म्याहून अधिक निबंध अशा साधनांनी यंत्रलिखित ठरवल्याचे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले होते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेही स्वतःचे असे साधन, अचूकता कमी असल्याचे कारण देऊन, त्याच वर्षी जुलैत मागे घेतले. ‘मशीनने दाखवलेय’ म्हणणारे शिक्षक आणि ‘चॅटजीपीटीने दिलाय’ म्हणणारा मुलगा यांची श्रद्धा एकाच जातीची आहे. मात्र मुलाच्या श्रद्धेने त्याच्याच वहीवर लाल रेघ आली आणि शिक्षकांच्या श्रद्धेने दुसऱ्याच्या लेकीवर चोरीचा ठपका बसला.

आमचे स्वतःचे वर्तनही तपासून पाहण्यासारखे आहे. प्रगतिपत्रकातील वर्णनात्मक नोंदी तयार याद्यांतून उतरवण्याची सवय शाळांना जुनीच आहे. आता काही शिक्षक त्या यंत्राकडून लिहून घेतात आणि त्यासाठी मुलांची नावे, गुण, प्रसंगी घरची परिस्थितीही बिनदिक्कत तेथे टाकतात. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यावी, अशी तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. पण पालकसभेत याबद्दल कोणी चकार शब्द काढल्याचे मी ऐकलेले नाही.

सरसकट बंदी घालावी, असे माझे म्हणणे नाही. ती पाळलीही जाणार नाही. शिक्षण विभागाने एवढेच परिपत्रक काढावे की, केवळ अशा साधनाच्या टक्केवारीवरून कोणाचेही गुण कापू नयेत आणि शंका आल्यास विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्या लेखनावर प्रश्न विचारावेत. बारावीच्या भाषा विषयांना तोंडी परीक्षेचे २० गुण आहेतच. ते किती सढळ हाताने वाटले जातात हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. ते खरोखर प्रश्न विचारून दिले, तरी बरेच काम होईल.

त्या मुलीला मी दहा मिनिटे बोलते केले. निबंध तिच्या गावच्या आठवडी बाजारावर होता. मिरचीवाल्या कोठे बसतात, पाऊस आला की ताडपत्री कोणाच्या खांबाला बांधतात आणि निबंधात ‘व्हेजिटेबल सेलर’ म्हणून आलेली बाई तिची आजीच कशी, हे तिने मराठीत घडाघडा सांगितले. मी तसे तिच्या शिक्षकांना लेखी कळवले आहे. तिच्या गुणपत्रिकेत शून्य अजून तसेच आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अध्यापिका, सातारा