झेशूफहून आप्पांना

झेशूफ, पोलंड
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "नाटो-नाटो म्हणता, मग ड्रोन आत आलेच कसे?" आणि मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती. उत्तर लांबडं होतं आणि आई शेजारीच बसली होती, म्हणून टाळलं. आता सवडीनं लिहितो. आईला वाचून दाखवताना पुढचा परिच्छेद गाळा.

१० सप्टेंबरची पहाट. विमानांचा आवाज आम्हाला नवा नाही, घरापासून याशोन्काचा विमानतळ जवळच आहे. पण प्रवासी विमानाचा आवाज येतो आणि जातो. हा तिथल्या तिथंच घिरट्या घालत होता. खिडकीचं तावदान थरथरत होतं, त्याला टेकवलेला स्टीलचा डबा बारीक वाजत होता. मी उठून डबा बाजूला ठेवला आणि पुन्हा आडवा झालो. दुसरं काय करणार? सकाळी कळलं की वीसच्या आसपास रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरले होते. आमचा, लुब्लिनचा आणि वॉर्सॉचा विमानतळ काही तास बंद होता. पोलंडची एफ-१६ आणि डच लोकांची एफ-३५ लढाऊ विमानं, इटलीचं रडारवालं विमान आणि जर्मनांच्या पॅट्रियट या विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणेची रडारं, एवढा सगळा लवाजमा जागा झाला आणि त्यातले मोजकेच ड्रोन पाडले. आत आलेल्यांपैकी बरेचसे निव्वळ फोम आणि प्लायवूडचे होते, हूल द्यायला बनवलेले. असल्या खेळण्यावर कोट्यवधींचं क्षेपणास्त्र सोडायचं. तुम्ही तीस वर्षं फाउंड्रीत कॉस्टिंग केलंत, हा हिशेब तुम्हाला सांगायला नको.

आता तुमचा प्रश्न. नाटो म्हणजे अमेरिका आणि युरोपातल्या देशांचा एकमेकांच्या संरक्षणाचा करार. त्याचं पाचवं कलम "एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला" इथपर्यंत सगळे वाचतात. पुढं लिहिलंय की प्रत्येक देशानं स्वतःला आवश्यक वाटेल ती कृती करावी. म्हणजे कुणी फौज पाठवेल, कुणी औषधं पाठवेल, कलम दोघांनीही पाळलं. १९४९ पासून ते एकदाच लागू झालंय, २००१ साली अमेरिकेवर हल्ला झाला तेव्हा. पोलंडनं या वेळी चौथं कलम पुढं केलं. त्याचा अर्थ एवढाच, की धोका वाटतोय, या, बसून बोलू. त्याच दिवशी सगळे बसले, दोन दिवसांनी पूर्व सीमेवर जादा विमानं पाठवायचं ठरलं.

आपल्याकडं पेरणीला पैरा असतो ना, तसंच हे आहे. तुमची बैलं आज माझ्या रानात, माझी उद्या तुमच्या. पैऱ्यात असलेल्याला नाही म्हणता येत नाही, फार तर उशिरा येता येतं. युक्रेन या पैऱ्यात नाही. १९९४ साली बुडापेस्टला त्यानं स्वतःच्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रं सोडली आणि बदल्यात रशिया, अमेरिका, ब्रिटनकडून सरहद्दींचा मान राखण्याचा कागद घेतला. त्या कागदाच्या इंग्रजी मजकुरात हमी हा शब्द मुद्दाम टाळला होता, आश्वासन म्हटलं होतं. म्हणून त्याला जे मिळतं ते उसनवारीवर. देणाऱ्याच्या घरात त्या दिवशी काय वातावरण आहे, त्यावर.

आणि ती उसनवारी आमच्या दारावरून जाते. युक्रेनला जाणाऱ्या लष्करी मदतीपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त याशोन्कावरून जाते, असं इथले पुढारी सांगतात. सरहद्द इथून शंभरेक किलोमीटर. विमानतळाच्या रस्त्यानं गेलं की कुंपणापलीकडं पॅट्रियटचे खोके आभाळाकडं तोंड करून तिरपे उभे दिसतात. सगळ्यांची तोंडं पूर्वेला. २०२२ च्या मार्चमध्ये ते अमेरिकेनं आणून ठेवले, याच वर्षी ती जबाबदारी जर्मनांकडं आली आणि एप्रिलमध्ये अमेरिकेनं इथला आपला तळ आवरायला घेतला. बेकरीत येणाऱ्या गोऱ्या शिपाई पोरांचे उच्चार बदलले, तेवढंच आम्हाला कळलं. कुंपण तेच, खोके तसेच.

मदत म्हणजे कुणीतरी पैशांची थैली देतो, असं मलाही आधी वाटायचं. तसं नसतं. बहुतेक वेळा कोठारातलं जुनं द्यायचं आणि स्वतःला नवं घ्यायचं. पोलंडनं तीनशेहून जास्त रणगाडे दिले, बहुतेक जुने सोव्हिएत घराण्यातले, आणि स्वतःसाठी दक्षिण कोरियाचे के-२ आणि अमेरिकेचे एब्रम्स मागवले. अमेरिकेच्या मदतीतलाही मोठा वाटा तिथल्याच कारखान्यांत खर्च होतो. याला मी दुटप्पीपणा म्हणत नाही. देणाऱ्याचाही फायदा असेल तर देणं टिकतं, हे तुम्हीच सोसायटीच्या राजकारणावरून सांगायचात.

पण वेळ! जानेवारी २०२३ मधला लेपर्डचा तमाशा मी इथं बसून पाहिला. रणगाडे जर्मन बनावटीचे, पोलंडकडं होते, पोलंड द्यायला तयार होता. पण बनवणाऱ्याची परवानगी लागते. जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर शोल्झ म्हणत होते, अमेरिका देणार असेल तर आम्ही. अमेरिका म्हणत होती, आमच्या एब्रम्सला इंधन फार लागतं, ते तिथं उपयोगाचे नाहीत. विहिरीच्या काठावर उभी राहिलेली पोरं, आधी तू उडी मार, मग मी. शेवटी ब्रिटननं १४ चॅलेंजर रणगाडे जाहीर केले आणि २५ जानेवारीला दोघांनी एकाच दिवशी उडी मारली: जर्मनीचे १४ लेपर्ड, अमेरिकेचे ३१ एब्रम्स. तोवर रशियाला युक्रेनच्या दक्षिणेत झापोरिझ्झियाकडं खंदक खणायला आणि सुरुंग पेरायला अख्खा हिवाळा मिळाला होता. त्या उन्हाळ्यात युक्रेनची चढाई तिथंच अडकली. त्याला हेच एक कारण होतं असं नाही, पण हेही होतं.

पुढं ६१ अब्ज डॉलरचं प्रकरण. ऑक्टोबर २०२३ मध्ये युक्रेनसाठी मागितलेले पैसे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात २० एप्रिल २०२४ ला मंजूर झाले, ३११ विरुद्ध ११२. मधले सहा महिने भांडण चाललं होतं ते मेक्सिकोच्या सीमेवरून! त्याच काळात युक्रेनचं अव्दिइव्का शहर रशियाच्या हाती पडलं. आमच्या विभागात युक्रेनमधल्या खार्किव्हचा एक जण आहे, तपासणीच्या टेबलावर माझ्या समोरच असतो. त्या दिवसांत तो मतदानाची यादी अशी वाचायचा, जशी आपण जिल्हा परिषदेच्या निकालाची वाचतो. टेक्सासचा कुठला सदस्य कुठल्या बाजूला, सगळं तोंडपाठ.

यंदाचा मार्च वेगळाच. फेब्रुवारीच्या शेवटी व्हाइट हाउसमध्ये कॅमेऱ्यांसमोर ट्रम्प आणि युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांचं वाजलं, आणि ३ मार्चला अमेरिकेनं मदत थांबवली. पोलंडचे पंतप्रधान टुस्कनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की याशोन्काहून येणाऱ्या खबरीही तेच सांगतायत. मग जेद्दाहला बोलणी झाली आणि ११ तारखेला पुन्हा सुरू. आठवडाभर नळ बंद, मग चालू. आता नवी रीत निघालीय. शस्त्रं अमेरिकेची, पैसे युरोपचे. ऑगस्टमध्ये नेदरलँड्सनं पहिले ५० कोटी युरो भरले, मग डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडननं मिळून भरले. खार्किव्हवाला म्हणाला, "चालेल. दुकानदार भावापेक्षा बरा, दुकानदार निदान भाव तरी सांगतो."

तोच मला विचारतो, तुम्ही रशियाचं तेल का घेता? पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी स्वस्त पडतं म्हणालो. खरं उत्तर तेच होतं, पण समोर ज्याचं घर गेलंय त्याला द्यायचं उत्तर ते नव्हतं. ऑगस्टमध्ये ट्रम्पनी आपल्यावर त्याच तेलापायी जादा २५ टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा तो काही बोलला नाही. चहा मात्र त्यानं आणून दिला.

पोलंड सरळ आणि बाकीचे वाकडे, असंही समजू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये इथं निवडणूक तोंडावर होती. युक्रेनचा स्वस्त गहू इथल्या शेतकऱ्याच्या मुळावर आला, सरकारनं आयात बंद ठेवली, झेलेन्स्कींनी संयुक्त राष्ट्रांत टोमणा मारला आणि लगेच तेव्हाचे पंतप्रधान टीव्हीवर म्हणाले, आता आम्ही युक्रेनला शस्त्रं देत नाही. नंतर सारवासारव झाली. नोव्हेंबरात ट्रकवाल्यांनी सीमेवरचे नाके अडवले. युक्रेनच्या ट्रकना परवान्यातून सूट मिळाल्यामुळं यांचं भाडं पडलं होतं. मी एका रविवारी मेदिकाच्या नाक्यावर गेलो होतो. पेटवलेल्या पिंपाभोवती हात शेकणारे ड्रायव्हर, मागं मैलोगणती रांग. लष्करी माल आणि औषधांच्या गाड्या ते सोडत होते. यातल्याच एकानं मला सांगितलं की २०२२ च्या फेब्रुवारीत त्यानं स्वतःच्या गाडीतून सीमेवरच्या बायका-पोरांना फुकट आणलं होतं. दोन्ही गोष्टी त्यानं एका दमात सांगितल्या, त्याला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. ऊस दरासाठी हायवे अडवणाऱ्या आपल्या लोकांना ओळखत असल्यानं मलाही वाटलं नाही.

घरमालकीणबाईंचं मत मात्र ठाम आहे. (इथं बाईंना "पानी" म्हणतात, त्यामुळं मी पहिला महिनाभर प्यायला मागतोय असं मलाच वाटायचं.) वय ऐंशीच्या पुढं. मदतीची बातमी लागली की त्या म्हणतात, "एकोणचाळीस." १९३९ च्या मार्चमध्ये ब्रिटननं पोलंडला हमी दिली, ऑगस्टमध्ये करार केला. १ सप्टेंबरला जर्मन घुसले, ३ तारखेला ब्रिटन आणि फ्रान्सनं युद्ध पुकारलं, शब्द पाळला. आणि पोलंडच्या मदतीला कोणी आलं नाही. १७ ला पूर्वेकडून रशिया शिरला. पुढं पूर्वेकडच्या लाखो पोलिश लोकांना सैबेरियात नेलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, रशिया एका रात्रीत दोस्त झाला, तेव्हा कुठं त्यातले काही सुटले आणि इराणमार्गे बाहेर पडले.

आप्पा, त्यातलेच पाच हजार आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत आले. आजोबा छावणीत दूध घालायचे आणि म्हातारपणी आम्हा पोरांना "जेन दोब्री", म्हणजे पोलिशमधला नमस्कार, म्हणून दाखवायचे. आम्ही हसायचो. इथं पहिल्या दिवशी ऑफिसात मी त्यांच्याच चालीत म्हणालो, तर समोरची मुलगी म्हणाली, तुझा उच्चार जुन्या माणसांसारखा आहे. पण ती माणसं १९४८ पर्यंत तिथं का राहिली, हे आजोबांना कधी विचारलं नव्हतं. आता कळलं. युद्ध जिंकलं, तेव्हा त्यांची गावं दोस्तांनीच याल्टाच्या परिषदेत रशियाकडं ठेवली होती, आणि जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं त्यांच्या लंडनमधल्या परागंदा सरकारची मान्यताही काढली. जायला घर उरलं नव्हतं. त्यांतल्या अनेकांचं घर आजच्या युक्रेनमध्ये आहे.

मी हे पानींना सांगितलं. कोल्हापूर हे नाव त्यांनी ऐकलं होतं, मोदी गेल्या वर्षी वॉर्सॉच्या कोल्हापूर स्मारकाला आले होते तेव्हा टीव्हीवर. पण छावणीच्या जागी आता काय आहे, हे त्यांनी विचारलं आणि मला धड सांगता येईना. फाळणीनंतर सिंधी लोक आले, गांधीनगर झालं, कापडबाजार झाला एवढंच म्हणालो. तेव्हा दिवाळीच्या कापडखरेदीला गांधीनगरला जाल तेव्हा जुन्या बराकींपैकी एखादी उरली असेल तर तिचा फोटो काढून पाठवा. महावीर गार्डनमधल्या पोलिश स्तंभाचाही एक पाठवा, त्यावरची अक्षरं वाचता येतील असा जवळून.

उसाला तोड कधीची मिळाली ते कळवा. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर आणवून घ्या, अंगावर काढू नका. आईला सांगा कांदा-लसूण मसाला पाव किलोच द्या, मागच्या वेळी अख्खी बॅग वासानं भरली होती आणि विमानतळावर ती उघडून दाखवावी लागली.

आपला,
बाळू