टाळ, पेटी आणि चार आवाज

राहुरी,
नोव्हेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

आपल्या चर्चची क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा संघ, अजून चालू आहे का, असं तू विचारलंस. चालू आहे, आणि चांगली जोरात चालू आहे. मंगळवारी आणि शनिवारी दिवेलागणीनंतर सराव असतो. वीस-बावीस माणसं जमतात. दवाखान्यातल्या सिस्टर, झेडपीच्या शाळेतल्या दोन बाई, एक टायरवाला, कृषी विद्यापीठात शिकणारी तीन-चार पोरं. उसाची तोड सुरू झाली की काही जण गळतात, तरी नाताळ जवळ आला की वाट वाकडी करून येतात. बायकांत वरच्या आवाजाच्या सोप्रानो भरपूर, खालच्या अल्टो बऱ्या, पुरुषांत वरचे टेनर जेमतेम. सगळ्यांत खालच्या आवाजाचा बास मात्र एकटाच, आणि त्याची रात्रपाळी असली की सगळं गाणं खालून पोकळ वाटतं. तुझी आठवण तेव्हा सगळ्यांनाच येते.

यंदा पट्टीचं, म्हणजे पेटीवरची कितवी काळी ‘सा’ धरायची याचं, कोडं सोडवलं, ते तुला सांगायचंच होतं. भजनाला पुरुषांची काळी एक धरली की अंतऱ्याला बायकांचे आवाज चिरतात. बायकांची काळी पाच धरली की पुरुष एक तर खर्जात बुडतात, नाही तर वर ओढले जातात. यावर वर्षानुवर्षं वाद व्हायचे. आता पट्टी काळी एकच ठेवतो. अंतऱ्याचं वरचं टोक सोप्रानोतल्या तिघीच घेतात आणि बाकीच्या बायका तेवढा वेळ षड्ज, म्हणजे ‘सा’, धरून उभ्या राहतात. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा पेटीवाल्यानं भाता सोडून दिला आणि नुसतं ऐकत बसला. पेटीशिवाय सूर जागचा हलला नाही, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला!

आपल्याकडे गाण्याच्या दोन वाटा आहेत, हे तू जाणतोसच. अमेरिकन मिशनरी 1831 मध्ये नगरला आले, त्यांच्याबरोबर चार आवाजांची गीतं आली. सूर तिकडचे, शब्द मराठी. ती मला प्रिय आहेत, पण त्यांत आपल्या भाषेची ओढाताण होते हे खरंच. इंग्रजी चालीत जोर जिथे पडतो तिथे आपलं ऱ्हस्व अक्षर आलं की ते ताणावं लागतं. ‘प्रभु’मधला ‘प्र’ तीन मात्रा लांबतो आणि ‘भु’ कुठल्या कुठे जातो. नारायण वामन टिळकांचं मोठेपण मला इथेच वाटतं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं म्हणायचा, आणि त्यानं चर्चच्या मंडळीच्या तोंडी अभंग, ओवी दिली. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा अभंग टाळावर म्हणताना एकही शब्द मोडत नाही. लिहिता-वाचता न येणारी म्हातारीसुद्धा दुसऱ्यांदा ऐकून तो उचलते. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या राहुरीत राहिलेले. क्वायरमधल्या नव्या पोरांना हे सांगितलं तेव्हा त्यांना आधी खरंच वाटेना.

मला खरी काळजी आहे ती चालींची. आपल्याकडच्या भजनांच्या पुस्तकात शब्द आहेत, फार तर वर कुठे चालीचा उल्लेख, पण सुरावट नाही. ती माणसांच्या गळ्यात आहे. चर्चच्या मागच्या आळीतल्या थोरल्या मावशींना तू ओळखतोस, त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्या ओट्यावर बसून एक उत्तम शुक्रवारचं (गुड फ्रायडेचं) भजन ऐकलं. आपण ते सरळ भैरवीत म्हणतो. मावशी दुसऱ्या चरणाच्या शेवटी शुद्ध रिषभ लावून किंचित थांबतात आणि मग कोमल रिषभावरून षड्जावर उतरतात. एवढंच, पण सगळ्या भजनाचा अर्थ तिथे उघडतो. नेवाशाकडची त्यांची भाची तेच भजन अगदी वेगळ्या चालीत म्हणते. दोन्ही चाली खऱ्या, दोन्ही कुठेही लिहिलेल्या नाहीत. मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं आहे, पण रेकॉर्डिंग ऐकून पोरं हुबेहूब नक्कल करतात आणि ती थांबायची जागा मात्र हुकते. ती समोर बसूनच शिकावी लागते.

तरुण संघाचं म्हणणं, नाताळच्या उपासनेत तयार ट्रॅकवर, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या साथीवर, गाऊ या. त्यांची अडचण मला समजते. तबलजी ऐनवेळी मिळत नाही, आणि ट्रॅक कधी चुकत नाही. पण ट्रॅक आपल्यासाठी थांबतही नाही. मंडळी मागून गायला लागली, लय जरा जड झाली, तर हातातला तबला तिला सांभाळून घेतो. उपासनेत क्वायरनं मंडळीला गायला लावायचं असतं, त्यांच्यासमोर कार्यक्रम करायचा नसतो. मी चर्चच्या पंचांच्या बैठकीत हे स्पष्ट बोललो. निकाल असा लागला की घरोघरी नाताळची गाणी म्हणत जायच्या कॅरलच्या फेरीत पोरांनी हवं ते वाजवावं, उपासनेत मात्र पेटी-तबलाच. मला हे मान्य आहे. फेरीत तर गंमतच असते. मागच्या वर्षी वारकरी शेजाऱ्यांच्या दारात थांबलो तर त्यांनी घरातला पखवाज बाहेर आणला आणि पुढची चार घरं आमच्याबरोबर वाजवत आले. करंज्या वेगळ्याच.

आता मुद्द्याचं. तुला स्वरलेखन येतं, इथे दुसऱ्या कुणाला येत नाही. चार आवाजांचं, पाच रेघांवरचं इंग्रजी नोटेशन वाचणाऱ्या एक बाई आहेत, पण मींड, कण, खटका हे गळ्याचे बारकावे त्या पाच रेघांत कसे बसवायचे हे त्यांना कळत नाही. तू भातखंडे पद्धतीनं सारेगममध्ये लिही, त्या पाच रेघांत लिहितील, दोन्ही ताडून पाहू. मावशींची सकाळ चांगली जाते, दुपारनंतर त्यांना धाप लागते. म्हणून नाताळच्या निदान आठवडाभर आधी ये. आधी मावशींच्या भजनांना बसू, मग नेवाशाला जाऊ. संध्याकाळी सरावाला बासमध्ये उभा राहा. राहायला आमच्याकडेच. वहिनींना आणि मुलांना घेऊन आलास तर आई फार खूश होईल. येताना कोऱ्या वह्या आण आणि तुझा तो जुना ट्यूनिंग फोर्क विसरू नकोस. आमच्या पेटीचे वरचे दोन सूर उतरलेत, ते तुझ्यासमोरच लावून घेऊ. तिकीट काढलंस की कळव, बसस्टँडवर घ्यायला येतो.

तुझा मित्र